अर्थशास्त्राचे वर्गप्रयोग

विद्यार्थ्यांना खरेदीदार, विक्रेते किंवा सामायिक साधनांचे वापरकर्ते अशा भूमिका देऊन, त्यांनीच घेतलेल्या निर्णयांतून अर्थशास्त्रातील संकल्पना शिकवण्याची पद्धत. माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांत ती विशेष उपयोगी पडते. मागणी-पुरवठ्याचा आलेख पाठ करणे या वयात अवघड नसते. त्यातल्या रेषा माणसांच्या वागण्यातून उमटतात, हे मात्र सौदा केल्याशिवाय सहसा पटत नाही.

या पद्धतीचे मूळ हार्वर्ड विद्यापीठात सापडते. एडवर्ड चेंबरलिन यांनी तेथील वर्गात कृत्रिम बाजार भरवले आणि त्यांचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. अशा बाजारात सहभागी झालेले त्यांचे विद्यार्थी व्हर्नन स्मिथ यांनी १९५६ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात नियम बदलून तोच प्रयोग केला. प्रायोगिक अर्थशास्त्रातील कार्यासाठी स्मिथ २००२ च्या नोबेल स्मृती पुरस्काराचे सहमानकरी ठरले.

बाजाराचा खेळ सर्वांत परिचित आहे. समजा, पाच खरेदीदारांच्या चिठ्ठ्यांवर १०, ८, ६, ४ आणि २ अशा कमाल किमती आहेत, तर पाच विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर १, ३, ५, ७ आणि ९ असे उत्पादनखर्च. चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही. सिद्धान्तानुसार ५ ते ६ या किमतीला तीन सौदे होतात आणि एकूण लाभ, म्हणजे प्रत्येक सौद्यातील कमाल किंमत व उत्पादनखर्च यांतील फरकांची बेरीज, १५ येतो. पण मुले कोपऱ्याकोपऱ्यात गुपचूप सौदे करू लागली, तर १०-९, ८-७, ६-५, ४-३, २-१ अशा जोड्या जमून पाचही सौदे पार पडू शकतात. मग लाभ जेमतेम ५ उरतो. सौदे वाढले आणि लाभ घटला, हे कोडे वर्गाला हमखास विचारात पाडते. चेंबरलिन यांनाही अपेक्षेपेक्षा जास्त सौदे आढळले होते. स्मिथ यांनी बोली सर्वांसमोर लावायला सांगितली आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा घेतल्या. तेव्हा किंमत समतोलाजवळ, म्हणजे मागणी व पुरवठा जुळतात त्या पातळीजवळ, स्थिरावली. म्हणून शिक्षकाने दोन्ही प्रकार करून घ्यावेत. केवळ दुसरा घेतला तर बाजार आपोआप जुळतो, असा चुकीचा समज होतो.

सार्वजनिक वस्तूच्या, म्हणजे पैसे न देणाऱ्यालाही वापरता येणाऱ्या वस्तूच्या, खेळात चौघांना प्रत्येकी १० नाणी मिळतात. सामायिक पेटीत पडलेली नाणी दुप्पट करून समान वाटली जातात. सर्वांनी सगळी नाणी टाकली तर प्रत्येकाला २० मिळतात. पण एकाने काहीच टाकले नाही, तर त्याच्या हाती २५ आणि इतरांच्या हाती १५ येतात. पुढील फेऱ्यांत देणाऱ्यांचा हात सहसा आखडत जातो. मासेमारीच्या खेळात सर्वजण एकाच साठ्यातून मासे धरतात आणि हाच पेच सामायिक साधनांबाबत उभा राहतो. तेथे मुलांना आपापसांत नियम ठरवू द्यावेत. असे नियम टिकाऊ ठरू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये याच नोबेलचा मान मिळाला.

खेळाइतकाच वेळ नंतरच्या चर्चेला द्यावा लागतो, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते. प्रत्येक सौद्याची किंमत फळ्यावर लिहावी, आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा आणि सिद्धान्ताचे नाव त्यानंतर सांगावे. नफ्यावर परीक्षेचे गुण देऊ नयेत. चिठ्ठीवरचा आकडा नशिबाने मिळालेला असतो.