निवड आणि वाटणी: रँडम सॅम्पलिंग आणि रँडम असाइनमेंट यांत गल्लत का होते

मानसशास्त्रातलं संशोधन पद्धतीचं प्रकरण शिकवून झालं की चाचणीत मी एक प्रश्न हमखास घालते. एका प्रयोगाचं वर्णन देते आणि विचारते, 'या प्रयोगाचा निष्कर्ष सगळ्या किशोरवयीन मुलांना लागू करता येईल का? कारण द्या.' बऱ्याच उत्तरपत्रिकांत एकच वाक्य सापडतं: 'हो, कारण सहभागींची गटांत रँडम विभागणी केली होती.' मुलांनी अभ्यास केलाय हे दिसतं. उत्तर मात्र चुकलेलं असतं. जे काम रँडम सॅम्पलिंगचं, त्याचं श्रेय रँडम असाइनमेंटला दिलेलं असतं.

गल्लत होणारच. दोन्ही नावांत 'रँडम' आहे, पुस्तकात दोन्हीकडे 'यादृच्छिक' लिहिलेलं असतं आणि दोन्ही ठिकाणी चिठ्ठ्याच टाकायच्या असतात. म्हणून वर्गात मी आधी दोन साधे शब्द फळ्यावर लिहिते: निवड आणि वाटणी. अभ्यासात कोण आलं, ही निवड, म्हणजे सॅम्पलिंग. आलेल्यांपैकी कोण कोणत्या गटात गेलं, ही वाटणी, म्हणजे असाइनमेंट. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी घडतात. दोन्ही नीट झाल्या, एकच झाली किंवा एकही झाली नाही, असं काहीही होऊ शकतं.

मग डबा काढते. वर्गातल्या ४० जणांच्या नावांच्या चिठ्ठ्या त्यात असतात. डोळे मिटून १० काढायच्या. ज्यांची नावं निघाली ते पुढे येतात. ही झाली निवड. आता दुसरा डबा, त्यात ५ चिठ्ठ्यांवर 'अ' आणि ५ चिठ्ठ्यांवर 'ब'. पुढे आलेल्या प्रत्येकानं एक उचलायची. 'अ'वाले २० शब्दांची यादी शांततेत पाठ करणार, 'ब'वाले गाणं चालू असताना. ही झाली वाटणी.

एकदा दुसरा डबा उघडायच्या आधीच एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, चिठ्ठ्या कशाला? स्पीकर मागे आहे, तर मागच्या बाकांवरच्यांनाच गाण्याच्या गटात टाकू या.' सूचना चांगल्या हेतूनं केलेली आणि सोयीचीही होती. मी ती फळ्यावर लिहिली आणि विचारलं, मागच्या बाकांवर कोण बसतं? वर्ग हसला, आणि मग गप्प झाला. मागे बसणारी मुलं आणि पुढे बसणारी मुलं आधीपासूनच वेगळी असतील, तर शब्द कमी आठवले ते गाण्यामुळे की बाकामुळे, हे कसं सांगणार? वाटणी चिठ्ठीनं का करायची, हे त्या दिवशी मला समजावून सांगावं लागलं नाही.

निवडीचा मुद्दा तुलनेनं लवकर कळतो. आपला निष्कर्ष किती दूरवर नेता येईल, ते निवडीवर ठरतं. डब्यात ज्यांची चिठ्ठी असण्याची शक्यताच नव्हती, त्यांच्याबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं. १९३६च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या आणि २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून त्यांनी अध्यक्ष रुझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं सांगितलं. रुझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदी अशा याद्यांमधून घेतलेले होते, आणि महामंदीच्या त्या काळात फोन-मोटार असलेली माणसं बाकीच्यांसारखी नव्हती. शिवाय पत्रिका भरून परत पाठवणारे आणि न पाठवणारेही एकसारखे नव्हते. नमुना मोठा असला की तो प्रातिनिधिक असतोच, हा मुलांचा समज या एका उदाहरणानं सुटतो.

वाटणी जास्त अवघड आहे, कारण तिथे आपल्या मनातला चांगुलपणासुद्धा आडवा येतो. माझं आवडतं उदाहरण १९३०चं, स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरचं आहे. तिथल्या शाळांमध्ये सुमारे २०,००० मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. १०,००० मुलांना चार महिने रोज शाळेत पाऊण पाइंट दूध मिळालं आणि १०,००० मुलांना मिळालं नाही. दुधानं उंची आणि वजन किती वाढतं, ते पाहायचं होतं. कोण कोणत्या गटात जाईल, हे चिठ्ठीनं किंवा आडनावाच्या अक्षरक्रमानं ठरवायचं होतं. मात्र शिक्षकांना एक मोकळीक दिलेली होती: एखाद्या गटात धडधाकट किंवा कुपोषित मुलं फार झाली आहेत असं वाटलं, तर काही मुलं बदलून गट सारखे करावेत.

आता त्या शिक्षकाच्या जागी उभं राहून पाहा. समोर एक हडकुळं मूल आहे आणि यादीत त्याचं नाव बिनदुधाच्या गटात आहे. हातात नाव बदलायचा अधिकार आहे. कुणीही बदललं असतं. मीही बदललं असतं. बहुधा तसंच झालं. १९३१मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट या संख्याशास्त्रज्ञानं आकडे तपासले, तेव्हा दिसलं की प्रयोग सुरू होतानाच बिनदुधाची मुलं दूध मिळालेल्या मुलांपेक्षा वजनानं सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीनं सुमारे चार महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती. आणखी एक बारीक गोष्ट त्यानं हेरली. वजनं अंगावरच्या कपड्यांसकट घेतली होती, पहिली फेब्रुवारीत आणि दुसरी जूनमध्ये. थंडीत जाड कपडे आणि उन्हाळ्यात हलके, हा फरक खात्यापित्या घरच्या मुलांत जास्त पडणार. गरिबाच्या मुलाकडे दोन्ही ऋतूंत तेच कपडे. आणि खात्यापित्या घरची मुलं बहुधा बिनदुधाच्या गटात जास्त होती, त्यामुळे त्या गटाचं वजन कमी वाढलेलं दिसणार. म्हणजे गटांची वाटणी चिठ्ठीवर सोडली नाही, म्हणून कपड्यांचं वजनसुद्धा दुधाच्या खात्यात जमा झालं.

हे उदाहरण मी नीतिमत्तेच्या तासालाही परत काढते. त्या शिक्षकांची दया खरी होती. पण तिची किंमत अशी, की दुधाचा नेमका फायदा किती हे २०,००० मुलांना मोजूनही धड कळलं नाही. गरजू मुलांना दूध द्यायचंच असेल, तर त्यांना प्रयोगाच्या यादीबाहेर ठेवून ते थेट द्यावं आणि उरलेल्यांत चिठ्ठी टाकावी. गॉसेटनं वेगळाच मार्ग सुचवला होता: एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या घ्या, जोडीतल्या कुणाला दूध द्यायचं ते नाणं उडवून ठरवा. थोड्या जोड्यांतूनही नेमकं उत्तर मिळालं असतं.

आता नेहमीचे दोन प्रयोग घेऊ, जे नीतिमत्तेच्या प्रकरणात सगळेच शिकवतात. पद्धतीच्या अंगानं पाहिलं तर त्यांतूनच ही गल्लत चांगली सुटते.

१९७१चा स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोग. फिलिप झिम्बार्डो यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: तुरुंगातल्या जीवनाच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी कॉलेजचे विद्यार्थी हवेत, दिवसाला १५ डॉलर. ७०हून अधिक जण आले, त्यांतून २४ घेतले, आणि खोट्या तुरुंगात कैदी कोण, पहारेकरी कोण हे नाणं उडवून ठरवलं. पहारेकरी कैद्यांना छळू लागले आणि दोन आठवडे चालायचा प्रयोग ६ दिवसांत थांबवावा लागला. मुलांना विचारा, यात रँडम काय होतं? वाटणी होती. निवड नव्हती. 'कोणताही माणूस पहारेकरी झाला की असाच वागेल' हे वाक्य या प्रयोगातून निघत नाही, कारण डब्यात 'कोणताही माणूस' नव्हताच. जाहिरात वाचून आपणहून आलेले तरुण होते. २००७मध्ये कार्नाहन आणि मॅकफार्लंड या संशोधकांनी दोन जाहिराती दिल्या, एकीत 'तुरुंगातलं जीवन' हे शब्द ठेवले, दुसरीतून काढले. ते शब्द असलेल्या जाहिरातीला प्रतिसाद देणारे सरासरीनं अधिक आक्रमक आणि हुकूमशाही वृत्तीचे, सहानुभूतीत कमी निघाले. चाळणी जाहिरातीतच लागू शकते, ती अशी. (नाणं उडवून वाटणी झाली तरी पुढचं सगळं निर्दोष ठरत नाही, हेही सांगायला हवं. पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना दिल्या गेल्या होत्या, हे ध्वनिमुद्रणांतून पुढे आलं आहे.)

दुसरा प्रयोग स्टॅनली मिलग्रम यांचा, येल विद्यापीठात १९६१मध्ये सुरू झालेला. त्यात 'शिक्षक' झालेल्यानं खुर्चीत बसवलेल्या 'विद्यार्थ्या'ला चुकीच्या उत्तरांसाठी विजेचे झटके द्यायचे होते; झटके खोटे होते, पण 'शिक्षका'ला ते माहीत नव्हतं. 'सहभागींनी चिठ्ठ्या उचलल्या, म्हणून रँडम असाइनमेंट' असं उत्तर इथे दरवर्षी येतं. चिठ्ठ्या खरंच उचलल्या होत्या. पण दोन्ही चिठ्ठ्यांवर 'शिक्षक' असंच लिहिलेलं होतं. दुसरा माणूस मिलग्रम यांचाच साथीदार होता आणि आपल्या चिठ्ठीवर 'विद्यार्थी' आलं असं तो खोटंच सांगत होता. म्हणजे ती वाटणी नव्हती, वाटणीचा देखावा होता. मी इथे थांबते आणि मुलांना विचारते, देखावा कशासाठी? थोड्या वेळानं कुणीतरी बरोबर ओळखतं: त्या खुर्चीत आपणही बसलो असतो, नशिबानं वाचलो, असं समोरच्याला वाटावं म्हणून. चिठ्ठीवर माणसाचा विश्वास असतो, तोच वापरला गेला. म्हणून प्रयोगानंतर सहभागीला सगळं खरं सांगणं, म्हणजे डिब्रीफिंग, अशा ठिकाणी टाळता येत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तो. नीतिमत्तेचा पहिला नियम संमतीचा: सहभागीला काय होणार आहे ते समजावून सांगायचं आणि तो हो म्हणाला तरच घ्यायचं. अल्पवयीन असेल तर पालकांची संमती, आणि मुलाची स्वतःचीही तयारी हवी. पण नाही म्हणण्याचा हक्क दिला, की शुद्ध रँडम निवड जवळपास अशक्य होते. डब्यातून कितीही प्रामाणिकपणे नावं काढा, काही जण नकार देणार, आणि उरतात ते हो म्हणणारे. ते बाकीच्यांसारखेच असतील याची खात्री नाही.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा मानसशास्त्राबाहेरचा आहे. १९५४मध्ये अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी झाली. काही भागांत पालकांनी संमती दिलेल्या मुलांत लॉटरीनं वाटणी झाली, सुमारे २ लाखांना लस आणि तितक्याच मुलांना मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन. कोणाला काय मिळालं ते मुलांना माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. पोलिओचं प्रमाण दर लाखात असं आलं: लस घेतलेल्यांत २८, नुसतं मिठाचं पाणी घेतलेल्यांत ७१, आणि संमती न दिलेल्यांत ४६.

हे तीन आकडे फळ्यावर लिहून मुलांना पाच मिनिटं द्यावीत. ७१ आणि ४६ या दोन्ही गटांना लस मिळालेली नाही, तरी एवढा फरक? कारण संमती देणारी कुटुंबं सरासरीनं जास्त सुस्थितीतली होती. स्वच्छ वातावरणातल्या मुलांना हा विषाणू उशिरा गाठतो. गरीब वस्तीतल्या मुलांना तो तान्हेपणी, आईकडून मिळालेलं संरक्षण असतानाच गाठतो. म्हणजे 'हो' म्हणणारे आणि 'नाही' म्हणणारे खरोखर वेगळे होते. निवड रँडम नव्हती. तरीही २८ आणि ७१ यांची तुलना पक्की आहे, कारण दोन्ही गट हो म्हणणाऱ्यांचेच होते आणि त्यांच्यातली वाटणी लॉटरीनं झाली. संमतीमुळे निवडीला धक्का लागतो. वाटणीला लागत नाही. फक्त एक अट आहे: संमती आधी, चिठ्ठी नंतर. क्रम उलटा झाला तर काही जण आपला गट कळल्यावर नाही म्हणतील, आणि मग वाटणीही हातातून जाईल.

मुलांच्या स्वतःच्या प्रकल्पात मी हाच क्रम पाळायला लावते. संमतीपत्र गोळा झाल्याशिवाय 'अ' आणि 'ब'चा डबा बाहेर येत नाही. सहभागी बहुतेक वेळा त्यांचेच मित्र-मैत्रिणी असतात, त्यामुळे अहवालात 'रँडम नमुना' हे शब्द लिहू देत नाही; 'सोयीनुसार निवडलेले इतके विद्यार्थी, चिठ्ठीनं दोन गटांत वाटलेले' असं लिहायचं. पहिल्या मसुद्यात बहुतेकांना ते कमीपणाचं वाटतं.

आणि मध्येच कुणी उठून गेलं तर? गेल्या खेपेला एका प्रकल्पात गाण्याच्या गटातली मुलगी अर्ध्यातून म्हणाली, मला नाही करायचं. प्रकल्प करणारा मुलगा तिला 'पाचच मिनिटं राहिलीत' म्हणून गळ घालू लागला. मी त्याला थांबवलं. तिला जायचा हक्क आहे, कारणही विचारायचं नाही. तिचा अपुरा कागद तिच्यासमोर फाडला. त्यानं अहवालात लिहिलं: 'ब गटातून १ सहभागी मध्येच बाहेर पडली, अ गटातून कुणी नाही.'

त्या ओळीखाली त्यानं पेन्सिलनं एक प्रश्न लिहून ठेवला होता, बहुधा मला विचारायला: 'गाण्याचा त्रास होणारेच बाहेर पडले, तर ब गटाचे गुण खरे असायला हवेत त्यापेक्षा जास्त दिसतील का?' हो, दिसतील. पुढचा तास मी त्यावर घेतला.