आमिश शेतकऱ्यांपर्यंत शेतीची माहिती पोहोचते कशी?

आमिश आणि मेनोनाइट हे अमेरिकेतले साधेपणाने राहणारे ख्रिस्ती पंथ. आमिश शेतकऱ्यांच्या घरी तारेची वीज नसते, इंटरनेटही नसते. जुन्या वळणाच्या मेनोनाइटांपैकी काहींकडे वीज असते, पण इंटरनेटपासून तेही लांबच राहतात. एवढ्यावरून त्यांना मागासलेले ठरवणे हा सरळसरळ अन्याय आहे. त्यांचा इतिहास नेमका उलटा आहे.

दोघांचे मूळ १५२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला सुरू झालेल्या अॅनाबॅप्टिस्ट पंथात आहे. त्याचा आग्रह होता की, बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षा) जाणत्या वयात, स्वतःच्या मर्जीने घ्यायचा. त्यापायी छळ झाला आणि ही माणसे डोंगराळ, हलक्या जमिनींवर ढकलली गेली. १६९३ मध्ये या पंथात फूट पडली, तेव्हा याकोब अम्मान या पुढाऱ्याच्या मागे गेलेले ते आमिश. हलक्या जमिनीनेच त्यांना शेतीत तरबेज केले. गोठ्यात बांधून जनावरे पोसायची, शेणखत जपायचे, क्लोव्हरसारखे द्विदल चाऱ्याचे पीक फेरपालटात घ्यायचे, जिप्सम टाकायचे. अठराव्या शतकात जर्मनीतल्या पॅलाटिनेटमधला डेव्हिड मोलिंगर हा मेनोनाइट शेतकरी याच पद्धतींसाठी नावाजला गेला. त्याच शतकात ही कुटुंबे पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात वसली.

१९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने अमेरिकेत कृषी विस्तार सेवा उभी राहिली. विद्यापीठातले संशोधन काउंटी एजंटने, म्हणजे त्या-त्या जिल्ह्याच्या कृषी सल्लागाराने, बांधावर न्यायचे, ही कल्पना. पुढे विस्ताराचा भर रेडिओ, टीव्ही, संगणक असा सरकत गेला आणि इथे अडचण सुरू झाली. शिवाय नियम सगळीकडे सारखे नाहीत. लँकेस्टरचे आमिश शेतात घोडे-खेचरे जुंपतात. तिथल्याच ग्रॉफडेल या जुन्या वळणाच्या मेनोनाइट गटाला ट्रॅक्टर चालतो, पण चाके लोखंडी हवीत. कोणाचे चर्च कुठले, हे ठाऊक नसलेल्या एजंटचा सल्ला फुकट जातो.

दुधाचे उदाहरण बोलके आहे. दूध कॅनमध्ये भरून थंड पाण्यात ठेवायचे, ही जुनी रीत. १९६० च्या दशकात दूध कंपन्यांनी मोठ्या शीतटाक्यांचा आग्रह धरला. धर्मगुरू आणि कंपन्यांचे लोक समोरासमोर बसले. टाकी मान्य झाली, पण थंडावा डिझेल इंजिनावर, दूध ढवळायची मोटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि रविवारी दूध उचलायचे नाही. अंगठा दाखवण्याऐवजी ऐकून घेतले की काय साधते, ते इथे दिसते.

विस्ताराचे कामही याच वाटेने गेले. टपालाने येणारी छापील पत्रके, हिवाळ्यातल्या बैठका, शेजाऱ्याच्या शेतावरची शिवारफेरी. लोकांची स्वतःची व्यवस्था तर आधीपासूनच होती: ओहायोतल्या शुगरक्रीकहून १८९० पासून निघणाऱ्या ‘द बजेट’ साप्ताहिकात गावोगावचे लोक पत्रांतून पाऊसपाणी आणि पिके कळवतात. १९८५ मध्ये लँकेस्टर भागातल्या लिओलाला भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला. अशा लिलावात कोणत्या मालाला, कशा प्रतवारीला भाव मिळतो, हे शेतकरी समोर उभा राहून बघतो.

सध्याचा कळीचा प्रश्न शेणखताचा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात वाहून जाणाऱ्या नत्र-स्फुरदावर २०१० मध्ये केंद्रीय मर्यादा आली. पेनसिल्व्हेनियात शेणखत वापरणाऱ्या प्रत्येक शेताला लेखी आराखडा लागतो आणि त्याची छापील वही शेतकरी स्वतः भरू शकतो. पण अनेक आमिश सरकारी अनुदान घेत नाहीत. मग शेणखताच्या टाकीचा खर्च कुठून काढायचा, हेही गोठ्यात उभे राहूनच बोलावे लागते.