सनड्रॉप्सची ओळख: पाकळीपासून बोंडापर्यंत

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील माळरानांवर आणि ॲपलेशियन डोंगरांच्या परिसरात उन्हाळ्यात पिवळीधमक फुले धरणारी, मूळची तिथलीच असलेली एक बहुवर्षायू वनस्पती आढळते. ईनोथेरा फ्रुटिकोसा हे तिचे शास्त्रीय नाव. ती संध्याकाळी फुलणाऱ्या इव्हनिंग प्रिमरोजच्या वंशातली असली तरी तिची फुले दिवसा उमलतात, म्हणून बागकाम करणारे तिला सनड्रॉप्स म्हणतात. चार पाकळ्या, आठ पुंकेसर आणि क्रुसासारखी चार फाट्यांची कुक्षी (परागकण झेलणारे स्त्रीकेसराचे टोक) पाहून वंश सहज ओळखता येतो. जाती ठरवताना मात्र अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ मतभेद राहिले.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये फ्रुटिकोसा आणि द्विवर्षायू (दोन वर्षे जगणारी) बायेनिस या जातींना, तर 1759 मध्ये लहान फुलांच्या पेरेनिसला नाव दिले. पुढे रॉथने टेट्रागोना आणि मिशोने ग्लॉका अशा आणखी जाती वर्णिल्या, तर स्पाख याने दिवसा फुलणाऱ्या या गटासाठी नीफिया हा स्वतंत्र वंशच मांडला. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन कंकेल स्मॉल यांनी तो वंश स्वीकारून त्यात बऱ्याच जाती सामावल्या. पानांची रुंदी आणि केसाळपणा जागेनुसार बदलत असल्याने अशा विभागणीला वाव भरपूर होता.

त्याच काळात या वंशाला खरी कीर्ती मिळाली ती वेगळ्याच कारणाने. डच शास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांना हिल्व्हरसमजवळच्या पडीक शेतात ईनोथेरा लामार्कियाना या द्विवर्षायू जातीच्या रोपांमध्ये अचानक वेगळी निपजणारी रोपे दिसली आणि त्यांवरून त्यांनी उत्परिवर्तनाचा सिद्धांत मांडला. रेनर आणि क्लेलंड या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून पुढे उलगडले, की तो चमत्कार बव्हंशी गुणसूत्रे एकमेकांना टोकांशी जोडून त्यांच्या कड्या होण्यामुळे घडत होता. प्रयोगशाळेचे सारे लक्ष द्विवर्षायू जातींनी वेधून घेतले आणि बहुवर्षायू सनड्रॉप्स तुलनेने मागे पडले, असे म्हणायला हरकत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप मुन्झ यांनी 1937 मध्ये सनड्रॉप्सच्या गटाची फेरमांडणी केली, पण आज वापरात असलेली चौकट जेराल्ड स्ट्रेली यांच्या 1977 च्या अभ्यासाची आहे. त्यांनी गटात चारच जाती ठेवल्या आणि टेट्रागोनाचा समावेश फ्रुटिकोसाच्या ग्लॉका या उपजातीत केला. त्यामुळे आता रोप हाती घेतल्यावर फुलापेक्षा बोंड (बिया धरणारे फळ) आणि त्यावरचे केस अधिक बोलके ठरतात. बोंड देठाकडे निमुळते, गदेसारखे आणि त्यावरचे केस साधे असतील, तर ती फ्रुटिकोसाची मूळ उपजाती. बोंड लांबट-गोलसर, गुळगुळीत किंवा ग्रंथियुक्त केसांचे आणि पाने रुंद असतील, तर ग्लॉका उपजाती. गटातल्या इतर जातींपैकी लांब, पसरट केसांची असते ती पिलोसेला, आणि जिच्या फुलोऱ्याचा शेंडा खाली झुकलेला असतो ती पेरेनिस. अर्थात दोन उपजातींचे क्षेत्र जिथे मिसळते तिथे मधली रोपेही सापडतात आणि तिथे अतिआत्मविश्वास नको.

वॅग्नर, हॉक आणि रेव्हन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये गौरासारखे वंशही ईनोथेरात विलीन केले. जुन्या पुस्तकांतली आणि रोपवाटिकांच्या पाट्यांवरची नावे त्यामुळे आजच्या नावांशी जुळत नाहीत.

महाराष्ट्रातील ओलसर जागी वाढणारी पाणलवंग याच कुळातली असून तिलाही चार पिवळ्या पाकळ्या असतात. मात्र तिची निदले (पाकळ्यांखालची हिरवी दले) बोंडावर टिकून राहतात; सनड्रॉप्सच्या फुलाची नळी निदलांसह गळून पडते.