संत ब्रिजिडचा सण: पार्श्वभूमी आणि लव्हाळ्याचा क्रूस

आयर्लंडमध्ये तिथल्या संत ब्रिजिड या ख्रिस्ती साध्वीच्या सणाला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती अगदी अलीकडे. पहिली सुट्टी ६ फेब्रुवारी २०२३ ला झाली. सण १ फेब्रुवारीचा, सुट्टी मात्र महिन्याच्या पहिल्या सोमवारी. १ तारखेला शुक्रवार आला तर मात्र त्याच दिवशी. तसा योग आता २०३० मध्ये आहे. देशातली ही दहावी सार्वजनिक सुट्टी आणि स्त्रीच्या नावाची पहिलीच.

‘हा मुळात देवीचा सण, चर्चने तो आपलासा केला’ असं सरसकट सांगितलं जातं. पुरावे इतके सरळ नाहीत. १ फेब्रुवारीचा इम्बोल्क हा जुन्या आयरिश वर्षातल्या चार ऋतुसंधींपैकी एक, मेंढ्या विण्याच्या दिवसांतला, एवढं खरं. संत ब्रिजिडचा काळ परंपरेने साधारण ४५१ ते ५२५ धरतात आणि कोगिटोसस या आयरिश मठवासीने लिहिलेलं तिचं लॅटिन चरित्र सातव्या शतकातलं आहे. त्याच नावाच्या देवीची नोंद येते ती इ.स. ९०० च्या सुमारास, कॉरमॅकच्या शब्दकोशात, म्हणजे अवघड आयरिश शब्दांच्या जुन्या कोशात: दाग्दा या देवाची मुलगी, कवींची देवी, आणि तिच्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची, दुसरी लोहारकामाची. म्हणजे कागदोपत्री संत आधी, देवी नंतर. दोघींचा संबंध असेलही, पण संताच्या चरित्रातली प्रत्येक गोष्ट देवीच्या खात्यावर टाकण्याला आधार नाही.

ब्रिजिडचा मठ होता त्या किल्डेअरच्या अखंड अग्नीचं वर्णन आणखी उशिराचं, बाराव्या शतकातलं, वेल्सच्या जेराल्ड या धर्मगुरू-लेखकाचं. एकोणीस नन पाळीपाळीने अग्नी राखत. विसाव्या रात्री स्वतः ब्रिजिड राखते अशी श्रद्धा. अग्नीभोवतीच्या कुंपणाच्या आत पुरुषाला मज्जाव. १९९३ मध्ये ब्रिजिडाइन संघाच्या नननी ही ज्योत पुन्हा पेटवली.

घरोघरचा सण सुरू होतो ३१ जानेवारीच्या संध्याकाळी, आणि तो बराचसा दुभत्याचा आहे. जेवणात कुस्करलेले बटाटे आणि भरपूर लोणी. रात्री कापडाचा तुकडा दाराबाहेर ठेवतात. ब्रिजिड जाता जाता त्याला स्पर्श करते असं मानतात. पुढे वर्षभर डोकं दुखलं तर तो कपाळाला बांधायचा, गाय अडली तर तिच्या पाठीवर टाकायचा. काही भागांत ब्रिजिडची बाहुली घेऊन पोरं घरोघरी फिरत. केरी परगण्यात गवती टोप घालून निघणाऱ्या टोळ्या अजून दिसतात.

या सणाला विणतात त्या क्रूसासाठी ओल्या जमिनीतला लव्हाळा लागतो. तो कापायचा नाही, उपटायचा, असा रिवाज. लहान क्रूसाला १६ काड्या पुरतात, भरदार हवा तर २८ घ्या. पहिली काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्यावर अडकवा, दोन्ही टोकं उजवीकडे. सगळं डावीकडे पाव वळण फिरवा, म्हणजे ती टोकं वर येतील. तिसरी काडी दुमडून या वर आलेल्या काडीवर अडकवा. टोकं पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाव वळण, पुन्हा काडी. प्रत्येक नवी काडी आधीच्या काडीला खेटून मध्याकडे सरकवायची. शेवटी चारही हात दोऱ्याने बांधून टोकं सारखी कापायची.

बिघडतं ते बहुधा पहिल्या चार काड्यांतच. अंगठ्याची पकड सुटली की मधला चौकोन सैल पडतो आणि पुढे कितीही ओढलं तरी बसत नाही. वळण्याची दिशा एकदा जरी चुकली तरी वीण तिथेच फिसकटते. वाळलेला लव्हाळा दुमडताना तुटतो, आणि हिरवागार लव्हाळा नंतर सुकून आकसतो. म्हणून बांधण्याआधी प्रत्येक काडी एकदा ताणून घ्यावी. लव्हाळ्याऐवजी गव्हाचं काड वापरायचं तर आधी भिजवावं लागतं.

मरणासन्न सरदाराच्या उशाशी बसून ब्रिजिडने पहिला क्रूस विणला ही कथा लोकप्रिय आहे, पण कोगिटोससच्या चरित्रात ती नाही. चार हातांचा आकार हाच एकमेव खरा, हा समजही तपासून घ्यावा. तीन हातांचे आणि चौकटीत विणलेलेही क्रूस जुने आहेत. चार हातांच्या आकाराला चांगली प्रसिद्धी मिळाली ती १९६० च्या दशकात, राष्ट्रीय दूरचित्रवाणीने तो बोधचिन्ह म्हणून घेतल्यावर.

तयार क्रूस दारावर किंवा छताच्या वाशाला लावतात, आग आणि भूक घरापासून लांब राहावी म्हणून. जुना पुष्कळ ठिकाणी काढत नसत. नवा त्याच्याच शेजारी खोचत.