भारी रानातला शाळू आणि ताटातली भाकरी

मॉडर्न शेती म्हटलं की आमच्या वयाच्या पोरांना ड्रोन, ठिबक आणि ऊस एवढंच दिसतं. मला विचाराल तर आपल्या रानात काय चाललंय ते कारणासकट कळणं म्हणजे मॉडर्न शेती, आणि ते शिकायला सोलापूरच्या शाळूसारखं, म्हणजे रब्बी ज्वारीसारखं, दुसरं पीक नाही.

पाण्याचा हिशोब बघा. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उसाला अख्ख्या हंगामात १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे वरचं सगळं उजनी धरणाचं नाहीतर बोअरचं. ज्वारीचं ४५० ते ६५० मध्ये भागतं, आणि शाळू तर आपण सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरतो, पाऊस परतीला लागलेला असताना, मग थंडीभर तो जगतो कशावर?

जमिनीतल्या ओलाव्यावर. काळ्या मातीत स्मेक्टाइट प्रकारची चिकणमाती भरपूर असते, तिच्या बारीक पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात, आणि त्या भेगांतनं खालची ओल उडून जाते. म्हणून तर कोळपं मारायचं, नुसतं तणासाठी नाही, वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात आणि ओल आत राहते. पेरणीच्या आधी पावसाळ्यात बंदिस्त वाफे, म्हणजे चारी बाजूंनी बुटके बांध घातलेले चौकोन, केले तर वाहून जाणारं पाणी तिथंच मुरतं. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर १९३० च्या दशकापासून संशोधन चालू आहे, तरी आपल्यातले किती जण वाफे करतात? मला याचं खरंच वाईट वाटतं.

पीकपण तसंच तयारीचं आहे. मुळं दीड मीटरपर्यंत खाली जातात, पानावर मेणासारखा थर असतो, ताण पडला की पान गुंडाळून घेतं. शिवाय ज्वारी सी-४ गटातली, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी एकवटून मग वापरते, त्यामुळं पानाची छिद्रं कमी उघडून पण काम भागतं आणि पाणी वाचतं.

वाण निवडायच्या आधी मात्र पहार घेऊन मातीची खोली मोजा. हलक्या म्हणजे उथळ मातीच्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी म्हणजे खोल मातीच्या रानाला फुले वसुधा अशा शिफारशी आहेत. आपली मालदांडी ३५-१ पण मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातनंच निवडलेली. एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कोवळी किंवा पाण्याच्या ताणातली ज्वारी जनावरांना घालू नका, तिच्यात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातनं पोटात सायनाइड सुटतं. किराळ लागणं म्हणतात ते हेच, आणि जनावर बघता बघता दगावतं.

आता भाकरी. पीठ सगळ्या दाण्याचं असल्यामुळं कोंडा आत राहतो, १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू आणि तेवढंच प्रोटीन. ज्वारीतलं काफिरिन नावाचं प्रोटीन स्टार्चच्या कणांभोवती असतं, त्यामुळं स्टार्च पचायला वेळ लागतो. ग्लुटेन तर नसतंच. पण म्हणून भाकरी म्हणजे शुगरचं औषध नव्हे, चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच, गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि ते डाळी-हरभऱ्यात भरपूर, म्हणून भाकरीबरोबर पिठलं किंवा आमटी पाहिजेच. शेंगाची चटणी आपली शान आहे, पण शेंगदाण्यातपण लायसिन कमीच, नुसत्या चटणीवर भागत नाही. आणि वर लिंबू पिळा, कारण धान्यातलं फायटेट लोह अडवून धरतं आणि व्हिटॅमिन सी मुळं ते शरीराला जास्त मिळतं. आपल्याकडं बायापोरींमध्ये रक्त कमी असणं किती कॉमन आहे ते घरोघरी माहितीये, तर ही लिंबाची फोड आधी त्यांच्या ताटात वाढा.