छाट कलम

छाट कलम (फाटे कलम) : फांदीचा तुकडा मातीत लावून त्यालाच मुळे फुटवण्याची अभिवृद्धीची पद्धत. अंजीर, डाळिंब, तुती, द्राक्ष, काळा करंट (बेरीसारखी लहान फळे येणारे झुडूप) इत्यादींची लागवड घरगुती फळबागेत बहुधा अशीच होते. रोपात मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरतात.

पद्धतीच्या प्राचीनतेविषयी मतभेद आहेत. जॉर्डन खोऱ्यातील गिलगाल येथे जळून कोळसा झालेली नऊ लहान अंजिरे सापडली. किस्लेव, हार्टमन व बार-योसेफ या संशोधकांनी २००६ मध्ये त्यांचा काळ सुमारे ११,४०० ते ११,२०० वर्षांपूर्वीचा मानला. फळांतील बियांत गर्भ नव्हता, म्हणजे ती परागणाविना धरली होती. अशी झाडे बियांपासून वाढत नाहीत, म्हणून ती माणसाने फाटे लावूनच राखली असावीत, असा त्यांचा तर्क. तो खरा धरल्यास अंजिराची लागवड धान्यशेतीच्याही आधीची ठरते. लेव्ह-यादून आदींनी लगेच आक्षेप घेतला : रानटी अंजिराच्या मादी झाडांवरही परागणाविना फळे धरू शकतात, तेव्हा एवढ्यावरून लागवड सिद्ध होत नाही. हा आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो. झोहारी व स्पीगेल-रॉय (१९७५) यांच्या मते ऑलिव्ह, द्राक्ष, अंजीर व खजूर ही फळे प्रथम लागवडीखाली आली, ती फाट्यांनी वा फुटव्यांनी सहज वाढतात म्हणूनच. त्यांनी हा काळ मात्र बराच अलीकडचा, इ. स. पू. चौथ्या-तिसऱ्या सहस्रकातील मानला. लेखी उल्लेख ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रॅस्टस (इ. स. पू. चौथे-तिसरे शतक) यांच्या वनस्पतिविषयक ग्रंथात येतो.

कापावर किण (जखम झाकणाऱ्या पेशींचा गोळा) धरतो; मुळे मात्र बहुधा ऊतककरालगतच्या (सालीखालील वाढीच्या थरालगतच्या) पेशींतून निघतात. करंटाच्या फांदीत मुळांचे अंकुर आधीच तयार असतात, त्यामुळे ती सहज रुजते. फाटा उलटा लावला, तरी मुळे त्याच्या मूळच्या खालच्या टोकालाच येण्याकडे कल असतो. ही ध्रुवता (दोन टोकांचा ठरलेला भेद) जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्योख्टिंग यांनी १८७८ मध्ये दाखवली. इंडोल ब्युटिरिक आम्ल या वाढ-संप्रेरकाचा मुळे फुटवणारा परिणाम १९३५ मध्ये झिमरमन व विल्कॉक्सन यांनी नोंदवला.

फाटा पेन्सिलीएवढा जाड, १५ ते २० सेंमी. लांब, वर्षभराच्या पक्व फांदीचा घेतात. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा तिरपा. त्यामुळे शेंडा-बुडखा ओळखू येतो. दोन-तृतीयांश भाग पुरतात. पालवी फुटली म्हणजे मुळे आली असे नव्हे : साठवलेल्या अन्नावर पाने निघतात आणि मुळे नसल्यास काही दिवसांतच सुकतात. मातृवृक्षावरील विषाणू फाट्याबरोबर येतात. डाळिंबावरील तेल्या रोगाचे जिवाणूही रोगट फाट्यांतून पसरतात.