‘फिरवणे’ या शब्दाचा गुंता : आयात भूमितीची पार्श्वभूमी

छिद्रित कार्डांच्या काळात फायनाइट एलिमेंट विश्लेषणात (वस्तूचे छोटे तुकडे कल्पून तिच्यातील ताण व विस्थापन मोजण्याच्या पद्धतीत) आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधून आयात करण्याजोगी भूमितीच नव्हती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंतराळयानांच्या रचनेसाठी घडलेल्या सॉल्व्हरमध्ये (ही गणिते सोडवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ८० स्तंभांच्या कार्डावर आठ-आठ अक्षरांचे दहा रकाने असत आणि प्रत्येक नोडचे (तुकडे जिथे जोडले जातात त्या बिंदूचे) स्थान त्यांत भरावे लागे. नोडच्या कार्डावर दोन अक्षसंहतींना (एक्स, वाय, झेड अशा अक्षांच्या संचांना) जागा होती : एक स्थान सांगण्यासाठी, दुसरी विस्थापनासाठी. एखादा भाग तिरका बसवायचा असेल, तर नोडच्या आकड्यांना हात न लावता त्यांच्या अक्षसंहतीची व्याख्या बदलली की भागत असे.

पुढे १९८० मध्ये आयजेस हा आरेखनांच्या फाइलींची देवाणघेवाण करण्याचा आराखडा आला आणि त्यात फिरवणे व सरकवणे मिळून बारा संख्यांची एक स्वतंत्र नोंद झाली. १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या स्टेप मानकाने हीच माहिती एक मूळबिंदू आणि दोन दिशा अशा रूपात मांडली. फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने ही मांडणी जशीच्या तशी जपावी की सहनिर्देशकांतच मुरवून टाकावी, हे मात्र ज्याने-त्याने आपापल्या परीने ठरवले.

खरा घोळ ‘फिरवणे’ या शब्दातच आहे. वस्तू स्थिर अक्षांत फिरवणे आणि वस्तू जागीच ठेवून अक्ष फिरवणे या दोन क्रियांसाठी मेनूत बहुधा एकच शब्द येतो, आणि दोहोंची चिन्हे परस्परविरुद्ध असतात. आरेखनात ‘वर’ म्हणजे वाय आणि विश्लेषणात ‘वर’ म्हणजे झेड, हा नेहमीचा प्रसंग घ्या. वस्तू एक्स-अक्षाभोवती धन ९० अंशांनी फिरवली, तर तिचे वायकडे असलेले टोक झेडकडे जाते. अक्ष तितकेच फिरवले, तर तेच टोक ऋण झेडकडे जाते आणि वस्तू, समजा एखादा ब्रॅकेट, उलटी टांगली जाते. (१८० अंशांना दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून त्या कोनाने केलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही.) कार्डांच्या पिढीची सवय अक्ष फिरवण्याची, तर पडद्यावर माउसने काम करणाऱ्या पिढीची वस्तू फिरवण्याची, दोन्ही बाजूंना आपलाच अर्थ स्वाभाविक वाटतो, पण मेनूत तो स्पष्ट न लिहिण्याचे समर्थन त्यामुळे होत नाही.

पार्ट (मूळ भाग) आणि इन्स्टन्स (जुळणीत बसवलेली त्याची प्रत) वेगळे ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने यात आणखी एक थर चढवला. इन्स्टन्स फिरवला की पार्टवर नेमलेल्या कंपोझिटच्या (तंतू घालून बनवलेल्या मिश्र पदार्थाच्या) तंतूंच्या दिशा त्याच्यासोबत फिरतात, पण ग्लोबल (संपूर्ण प्रतिमानाच्या) अक्षांत दिलेले गुरुत्व फिरत नाही. हे बरोबरच आहे, फक्त ते ठाऊक हवे. सुधारित आरेखन पुन्हा आयात केल्यावर आधीचे फिरवणे टिकते का, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ती क्रिया इतिहासवृक्षात (सॉफ्टवेअरने ठेवलेल्या क्रियांच्या क्रमवार यादीत) नोंदली गेली होती की नाही यावर अवलंबून असते.

अशी चूक दीर्घकाळ लपून राहण्याचे कारण रंगीत आलेखांत सापडते. घट्ट बसवलेल्या ब्रॅकेटवर फक्त स्वतःचे वजन असेल आणि विश्लेषण रेषीय असेल, तर तो उलटा टांगल्याने त्याच्या स्वतःच्या अक्षांत ताणाच्या प्रत्येक घटकाचे चिन्ह बदलते. व्हॉन मिसेस ताण (सर्व घटक मिळून काढलेली एकच धन संख्या, जी रंगीत आलेखांत बहुधा दाखवतात) मात्र तसाच राहतो. भागांचा परस्पर संपर्क किंवा बकलिंगची (दाबाखाली अचानक वाकण्याची) गणना जोडली, की मग फरक उघड होतो.